जागेवरचा माणूस

मनगटावर दोनदा टोचल्यासारखं झालं तेव्हा मी दाबाचा तक्ता भरत होतो. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. हे मला घड्याळात न बघता कळतं. दोन-दहाला पूर्वेच्या टाकीचा आकडा लिहायचा असतो आणि गेली एकोणीस वर्षं मी तो लिहीत आलोय. घड्याळात बघितलं ते त्या टोचणीमुळे. काळ्या काचेवर 'बाबा' अशी दोन अक्षरं आणि त्यांच्याखाली, लाल रंगात, एकशे बेचाळीस. हा असला आकडा त्या दोन अक्षरांखाली मी कधी बघितला नव्हता. तिथे ब्याऐंशी असायचे, चौऱ्याऐंशी असायचे, फार तर जिना चढून आल्यावर शंभर. मी पेन खाली ठेवलं. आधी मनात काय आलं ते खरं सांगतो: मला राग आला. कामाच्या वेळी माणसाने असं करू नये असा काहीतरी राग, जणू बाबांनी मुद्दाम दोन-दहाचा मुहूर्त गाठला होता. भीती त्याच्या मागून आली.

असंच घड्याळ मी त्यांना चार महिन्यांपूर्वी दिलं. आई गेल्यापासून बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटे राहतात, आणि आमच्याकडे या म्हटलं की 'इथे माझं काय अडलंय' म्हणतात. नुसतं घड्याळ देऊन भागत नाही. त्याला जोडीचा मोबाईल लागतो आणि तो दहा-पंधरा पावलांच्या आत असावा लागतो. लांब राहिला की घड्याळ मुकं होतं. म्हणून मोबाईलही दिला. बाबांच्या हृदयाचा ठोका त्यांच्या घड्याळातून त्यांच्या मोबाईलवर, तिथून माझ्या मोबाईलवर आणि तिथून माझ्या मनगटावर, अशा उड्या मारत येतो. 'म्हणजे आता उंटावरून शेळ्या हाकणार तू,' बायको म्हणाली होती. 'त्यापेक्षा रविवारसारखाच बुधवारीही जाऊन ये की. पाऊण तासाचा तर रस्ता.' मी म्हणालो, 'अगं, माझ्या नोकरीत उंटच दिलाय बसायला.' ती हसली, मग हसायची थांबली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली. पण मी विनोद केला नव्हता. खिडकी नसलेल्या खोलीत बसून, वर्षानुवर्षं डोळ्यांनी न बघितलेल्या टाक्यांची पातळी ओळखायची, हेच माझं काम. भिंतभर तबकड्या, समोर दोन पडदे, एक टेलिफोन. इथे बसून अर्ध्या शहराच्या नळाला पाणी आहे की नाही हे मी सांगू शकतो, आणि स्वतःच्या घरातला नळ गळतोय हे मला बायको सांगते.

बाबा बस-तपासनीस होते. आयुष्यभर लोकांकडे तिकीट मागितलं आणि लोकांच्या चेहऱ्यावरून ते आहे की नाही हे आधीच ओळखलं. खोटं त्यांना सहन होत नाही आणि बोलता येत नाही. आमच्या घरात हे कुणी सांगायची गरज नव्हती, भिंतीला भिंत म्हणतात तितकं ते उघड होतं. मी आठवीत असताना एकदा ते माझ्याच बसमध्ये चढले. मी मागच्या सीटवर, खिडकीशी. तिकीट हातात धरलं होतं ते वाऱ्याने गेलं होतं, आणि बाबा एकेक सीट करत माझ्याकडे येत होते. त्यांनी इतरांकडे मागितलं तसंच माझ्याकडे मागितलं. मी म्हणालो, उडालं. ते म्हणाले, 'पुढच्या थांब्यावर उतर.' मी उतरलो. बस गेली. मागच्या काचेतून ते दिसत होते, पाठमोरे, पुढच्या माणसाकडे हात पुढे केलेले. एकदा तरी वळून बघतील म्हणून मी बस दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो. बघितलं नाही. रात्री जेवताना तो विषय निघाला नाही, नंतर कधीच निघाला नाही. मला त्या माणसाचा धाक आहे असं बायको म्हणते. धाक नाही. मी अजून त्या थांब्यावर उभा आहे एवढंच, आणि हे चाळिशी उलटलेल्या माणसाला शोभत नाही हे मला कळतं.

म्हणून त्या चार महिन्यांतल्या मेसेजांचं मला एवढं अप्रूप. मी रोज एक वाजता लिहायचो, 'जेवलात का?' पहिला महिनाभर काहीच उत्तर नाही, किंवा मग 'हो'. आणि नंतर एके दिवशी: 'जेवलो. तू जेवलास का? उपाशीपोटी आकडे बघू नयेत, चुकतात.' नीट पूर्णविराम, नीट स्वल्पविराम, अनुस्वार जिथल्या तिथे. मी ते वाचून खुर्चीतून उठलो आणि उगाच पाणी प्यायलो. मग येतच राहिले. मी कधी खोकल्याचं लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी 'खोकला कसा आहे? रात्री उशी जरा उंच घे.' मी लिहिलं की आज वरिष्ठ बोलले, तर 'बोलणारे बोलतात. तुझं काम चोख असतं हे मला ठाऊक आहे.' हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगणार नाही. रविवारी भेटायला गेलो की मात्र बाबा होते तसेच. खुर्चीत ताठ, पेपर समोर, घड्याळ डाव्या मनगटावर. एकदा मी मुद्दाम म्हणालो, 'खोकला आता बरा आहे.' पेपर खाली न करता ते म्हणाले, 'कसला खोकला?' मी मनात हसलो. काही माणसांना समोरासमोर जमत नाही, लिहून जमतं. त्यांच्या ठोक्यांचंही तसंच वाटायचं मला. एरवी आठवडाभर ब्याऐंशी-चौऱ्याऐंशी, आणि रविवारी मी तिथे असताना सहासष्ट. दर रविवारी, न चुकता. मी आलो की बाबांच्या जिवाला स्वस्थता येते, असा मी त्याचा अर्थ लावला होता. बायकोलाही दाखवला होता आलेख, अभिमानाने. ती म्हणाली, 'बघ, मग बुधवारीही जा.'

तर एकशे बेचाळीस. मी आधी मोबाईल लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, उचलला नाही. मग घरचा जुना फोन लावला आणि तो दुसऱ्याच घंटेला उचलला गेला. 'बोला,' बाबा म्हणाले. आवाज खणखणीत. इथे आमच्या खोलीतला एक नियम सांगायला हवा. तबकडीवर विचित्र आकडा दिसला तर घाबरायचं नाही, जागेवरच्या माणसाला फोन करायचा, त्याने डोळ्यांनी बघून सांगितलं की तेच खरं. आणि फोन करताना आपल्याकडचा आकडा त्याला सांगायचा नाही. सांगितला, तर आळशी माणूस उठून बघत नाही, तोच आकडा आपल्याला वाचून दाखवतो. हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं, आणि नंतर मी डझनभर लोकांना शिकवलंय. म्हणून मी आकडा सांगितला नाही.

'बाबा, बरं आहे ना सगळं?'

'मला काय धाड भरलीये?'

'छातीत वगैरे काही... धाप, घाम?'

'पेपर वाचतोय. काय झालं काय?'

'काही नाही, सहज. मोबाईल का उचलत नाही?'

पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. 'आत आहे. चार्जिंगला लावलाय.'

'आणि घड्याळ? हातातच आहे ना?'

'आहे. हातातच आहे. कुठे जाणार?'

माझा जीव भांड्यात पडला. जागेवरचा माणूस म्हणतोय सगळं ठीक आहे; आणि हा जागेवरचा माणूस उभ्या जन्मात खोटं बोललेला नाही. म्हणजे तबकडीच बिघडली. शेजारच्या टेबलावर शिफ्टमधला माझा जोडीदार होता, ज्याला त्याच्या पोटामुळे सगळे टाकी म्हणतात. तो म्हणाला, 'काय रे, कुठली लाईन फुटली?' मी म्हणालो, 'काही नाही, मीटर खराब.' 'मग घंटी बंद कर,' तो म्हणाला, 'नाहीतर दिवसभर कान खाईल.' हाही आमचा नियमच. मी पश्चिमेच्या टाकीचा आकडा लिहिला. मनगटावर पुन्हा टोचलं: एकशे एक्कावन्न. पुन्हा टोचलं. मग जरा वेळ काही नाही, आणि अडीचच्या सुमारास मोबाईलवर एक ओळ आली: 'घड्याळ हातावर नीट बसवा.' ठोका सापडला नाही की ही ओळ येते. मला वाटलं, चिडले माझ्या चौकशीवर आणि काढून ठेवलं. नाकावर माशी बसू देत नाहीत ते. मी मनगटावरची बाबांची घंटी बंद केली. बोटाने एकदा दाबावं लागतं, एवढंच. नंतरचे दोन तास मी चांगलं काम केलं, चहा प्यायलो, टाकीने सांगितलेल्या विनोदावर हसलो. मनाच्या तळाशी काहीतरी हलत होतं हे खोटं नाही. एकशे बेचाळीस, मग एकशे एक्कावन्न: बिघडलेली तबकडी सहसा अशी पायरी पायरीने चढत नाही, ती एकदम टोकाला जाऊन अडकते. हे मला ठाऊक होतं. एकोणीस वर्षांत हे मला पुरतं ठाऊक झालं होतं, आणि तरी मी ते स्वतःला ऐकू येऊ दिलं नाही, कारण पुन्हा फोन केला असता तर पुन्हा 'काय झालं काय' ऐकावं लागलं असतं.

साडेचारला अनोळखी नंबरवरून फोन आला. बाबांचा आवाज, पण तपासनिसाचा नव्हे. 'खिळे दार उघडत नाहीये,' ते म्हणाले. 'तू ये.' खिळेकाका म्हणजे बाबांचा बाकावरचा मित्र. जुन्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून पानं बांधायचे, म्हणून ते नाव. खरं नाव मला आजही माहीत नाही. बायको नाही, मुलंबाळं नाहीत, बाबांच्या घरासमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली. रोज चारला बाबा त्यांना खालून हाक मारायचे आणि दोघं बागेतल्या बाकावर जाऊन बसायचे, न बोलता. मी त्यांना रविवारी येता-जाता दोन-चारदा बघितलं असेल. बारीक अंगाचा, नखांच्या कडा कायमच्या काळ्या झालेला माणूस, जो मला बघून फार आपुलकीने हसायचा. एवढं का हसतात हे, असं वाटायचं मला. रिक्षात बसल्यावर पहिल्यांदा विचार आला की खिळेकाका दार उघडत नाहीत, तर बाबा मला का बोलावतात? शेजारी आहेत, कुलूपवाला आहे. मी त्या माणसाचा कोण?

मी पोचलो तेव्हा दार उघडून झालं होतं. चौकट कुलपापाशी फुटली होती आणि तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात चार-पाच माणसं हळू आवाजात बोलत उभी होती. खोली लहान, फार स्वच्छ. एक खाट, एक टेबल, भिंतीला टेकलेली एक खुर्ची आणि त्या खुर्चीत खिळेकाका, मान जराशी उजवीकडे, झोप लागलेल्या माणसाची असते तशी. टेबलावर पालथी घातलेली थाळी. तिच्या बाजूला मोबाईल. तो मोबाईल मी ओळखला, कारण त्याचं निळं कव्हर मीच निवडलं होतं. आणि खिळेकाकांच्या डाव्या मनगटावर घड्याळ. त्याच्या काचेवर ती ओळ अजून उजळत होती आणि विझत होती, घड्याळ हातावर नीट बसवा, घड्याळ हातावर नीट बसवा. ते नीटच बसलेलं होतं. पट्टा बरोबर शेवटच्या भोकात होता, बारीक मनगटाला लागतो तसा. मी खाटेच्या कडेवर बसलो, आणि मग त्या खाटेवर आपण बसू नये असं वाटून पुन्हा उठलो.

याच इमारतीत तळमजल्यावर दवाखाना आहे. तिथले डॉक्टर वर येऊन बघून गेले होते, आता कागद भरायला परत आले. तरुण होते, घाईत होते, पण वाईट नव्हते. 'अडीच, पावणेतीन,' ते म्हणाले. 'त्याआधी त्रास सुरू झाला असणार. मी खालीच होतो हो. कुणी नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं.' बाबा कठड्याला धरून उभे होते. डॉक्टर खाली गेले, शेजारी पांगले, आणि जिन्यात आम्ही दोघंच उरलो. बाबांनी कधी स्वतःहून काही सांगितल्याचं मला आठवत नाही. आता ते सांगत होते, समोरच्या भिंतीकडे बघत, एखाद्या प्रवाशाने तिकीट का काढलं नाही हे सांगावं तसं.

'तू घड्याळ दिलंस त्याच आठवड्यात बाकावर दोनदा चक्कर आली त्याला. मी म्हटलं डॉक्टरला दाखव, तर म्हणे दाखवून काय, घरी बघायला कोण आहे. तेव्हा मी काढलं आणि त्याच्या हातात घातलं. जोडी लागते म्हणालास, म्हणून मोबाईलही दिला. म्हटलं, हे घाल. माझा मुलगा बघतो. दिवसरात्र बघतो तो, त्याचं कामच आहे ते. आकडा चढला की तो लगेच मला फोन करेल आणि मी धावत येईन. समोर तर राहतो.' त्यांनी ओठ पुसले. 'रविवारी सकाळी मागून घ्यायचो. तू चिडला असतास. तू दिलेली वस्तू.'

'आणि मेसेज?' मी विचारलं. तो प्रश्न त्या वेळी विचारायचा नव्हता. मेलेल्या माणसाच्या दारात उभं राहून मी माझ्या मेसेजांची चौकशी करत होतो.

'तोच लिहायचा. मी सांगितलं होतं, ठीक आहे एवढं लिहीत जा. का, आणखी काही लिहायचा?'

'नाही,' मी म्हणालो. 'एवढंच.'

सहासष्ट बाबांचे होते. चौऱ्याऐंशी खिळेकाकांचे. तुझं काम चोख असतं हे मला ठाऊक आहे, हे म्हणणाऱ्याने माझं काम कधी बघितलं नव्हतं. उशी उंच घे म्हणणाऱ्याचं खरं नावही मी माहीत करून घेतलं नव्हतं. अक्षराशेजारी अक्षर लावत आयुष्य काढलेला एक माणूस रोज एक वाजता माझी वाट बघत होता, आणि मी ते प्रेम उचलून दुसऱ्याच माणसाच्या नावावर ठेवत होतो. आणि ज्या माणसाच्या नावावर ठेवत होतो त्याने मला एक अक्षर लिहिलं नव्हतं. पण तो बाकावर बसून, मी नसताना, दुसऱ्याला सांगत होता: माझा मुलगा बघतो. हे दोन्ही मला एकाच जिन्यात, एकाच वेळी मिळालं. एक गेलं म्हणून रडावं की एक होतं म्हणून, हे कळेना, आणि रडू मात्र खरंच येत होतं.

बाबा पहिल्यांदा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी एवढ्या जवळून फार वर्षांत बघितला नव्हता. डोळ्यांच्या कडा लाल होत्या आणि डोळ्यांत मी कधी न बघितलेली गोष्ट होती. ते घाबरले होते. तपासनीस समोरच्याचा चेहरा बघून तिकीट आहे की नाही ओळखतो, पण आता माझ्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस त्यांना पुरतं होत नव्हतं.

'दुपारी तू फोन केलास,' ते म्हणाले. 'घड्याळ हातात आहे का विचारलंस. तेव्हा तुला... दिसलं होतं का काही?'

उत्तर माझ्या जिभेवर होतं. एकशे बेचाळीस, बाबा. तेवढ्यासाठीच केला होता फोन. तुम्ही नुसतं 'खिळेच्या हातात आहे' म्हणाला असतात तर. आणि मी नुसता आकडा सांगितला असता तर. पण हे दुसरं वाक्य त्यांना ऐकू गेलंच नसतं. पहिलंच गेलं असतं. 'आहे, हातातच आहे, कुठे जाणार' हे स्वतःचे शब्द त्यांना रोज दुपारी दोन वाजता ऐकू आले असते, त्या दोन खोल्यांत, एकटे असताना, आणि बाकावर शेजारी कुणी नसताना. जन्मात एकदाच खोटं बोललेला माणूस, आणि त्या एका खोट्यापायी समोरच्या इमारतीतला मित्र गेला, हे घेऊन ते किती दिवस काढतील याचा हिशेब मला करायचा नव्हता. हे त्यांना माझ्याकडून कळणार नव्हतं. मी कठड्यावर हात ठेवला. 

'नाही बाबा,' मी म्हणालो. 'मला काही दिसलं नाही. मी बघतच नव्हतो.'

'बघत नव्हतास?'

'कामात होतो. फोन सहज केला होता. घड्याळ घालता की नाही एवढंच बघायला.'

त्यांच्या खांद्यातला ताण एकदम उतरला. ते मला स्पष्ट दिसलं, आणि त्यासाठीच तर मी बोललो होतो. मग डोळ्यांतली भीती गेली आणि तिच्या जागी हळूहळू दुसरं काहीतरी आलं. ते मी ओळखलं. बसमधलं होतं ते.

'कधीच बघत नव्हतास?'

'कधीतरी बघायचो. रोज कुठे जमतं.'

बाबांनी मान हलवली. उघड्या दारातून आत खुर्चीकडे बघितलं.

'म्हणजे मी त्याला खोटं सांगितलं,' ते म्हणाले.

'हो,' मी म्हणालो.